धुरेवरचं वजन

उत्साही : भाऊजी, आकडा अगदी सरळ आहे. आमच्या टोयोटा हायलँडरला साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं, २९५ अश्वशक्तीचं इंजिन आहे. ही गाडी ५,००० पौंड, म्हणजे साधारण २,२७० किलो ओढू शकते असं कंपनी सांगते. आम्ही पसंत केलेला ट्रेलर सामानसुमान भरून ४,००० पौंडांचा होईल. म्हणजे हजार पौंड हातचे राहतात. मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून येताहेत. आईचे गुडघे दुखतात, बाबांना रात्री तीनदा उठावं लागतं. त्यांना यलोस्टोन दाखवायचं तर तंबूत झोपवणं शक्य नाही, आणि पार्कातल्या लॉजच्या खोल्या महिनोन्महिने आधी भरतात. ट्रेलर असला की बाथरूम आपलं, ओटा आपला, कुकर आपला. बाहेर बायसन चरताहेत आणि आत आईने वरणभाताचा कुकर लावलाय, एवढंच मला हवंय. आणि जी गाडी सोमवारी मुलांना शाळेत सोडते तीच हे सगळं ओढते. दुसरी गाडी नको, पिकअप ट्रक नको. मध्यम आकाराची एसयूव्ही घेतली ती याचसाठी.

साशंक : वहिनी, गाडी ओढेल की नाही ही शंका मला नाहीच. ओढेल. मला भीती वेगळीच वाटते. इंजिन इतकं चांगलं आहे की ते तुम्हाला अशा जागी नेऊन सोडेल जिथे गाडीचं बाकीचं अंग कमी पडतं. आमचे आजोबा बैलगाडीत कडबा रचायचे तेव्हा बैलांची ताकद बघत बसायचे नाहीत. गाडी उलाळ होतेय की धुरजड, एवढंच बघायचे. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचलायला लागतं. पुढे जास्त झालं की धुरजड होते, बैल दबून चालतात. ट्रेलरचं शास्त्र याहून वेगळं नाही. इथे त्याला टंग वेट म्हणतात, म्हणजे ट्रेलरची धुरा गाडीच्या हिचवर जेवढी दाबते तेवढं वजन. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ते हवं. कमी पडलं तर ट्रेलर शेपटीसारखा हलतो, जास्त झालं तर गाडी मागून बसते. तुमच्या ४,००० पौंडांचे १३ टक्के म्हणजे ५२० पौंड, आणि तुमच्या हिचची मर्यादा आहे ५००. हजार पौंड हातचे आहेत म्हणालात, ते हिचपाशीच संपले.

उत्साही : १३ टक्केच का धरता? जड सामान ट्रेलरच्या नाकाशी न ठेवता आसाच्या थोडंच पुढे ठेवलं, पाण्याची टाकी वाटेत रिकामी ठेवून मुक्कामाला पोचल्यावर भरली, तर १२ टक्क्यांवर, म्हणजे ४८० पौंडांवर आणता येतं. आणि हे मी पुस्तकातलं बोलत नाही. दोन उन्हाळे भाड्याचा छोटा ट्रेलर आम्ही याच गाडीने ओढलाय. हिच जोडताना मी कुणाशी बोलत नाही. कपलर बॉलवर उतरवायचा, खिट्टी लावायची, पिन घालायची. मग पुढचा जॅक पुन्हा फिरवून ट्रेलर वर उचलायचा. सोबत गाडीची मागची बाजूही उचलली गेली तरच कपलर खरा बसला. साखळ्या धुरेखाली फुलीसारख्या घ्यायच्या, म्हणजे धुरा निसटलीच तर रस्त्यावर न आदळता त्या फुलीत अडकते. ब्रेकअवेची तार वेगळी लावायची. ट्रेलर तुटून सुटला तर ती ओढली जाते आणि त्याचे स्वतःचे ब्रेक लागतात. शेवटी सात पिनांचा प्लग, आणि थोरला मागे उभा राहून ओरडतो, डावा, उजवा, ब्रेक. एवढं झाल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. काळजी घेणाऱ्याला बारा टक्के सांभाळता येतात, भाऊजी.

साशंक : तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण हात कितीही सावध असला तरी तरफेचा नियम बदलत नाही. तुमच्या गाडीच्या दोन आसांमधलं अंतर ११२ इंच आहे आणि हिचचा बॉल मागच्या आसाच्या साधारण चार फूट मागे येतो. तिथे ५०० पौंड ठेवले की मागच्या आसावर ५०० नाही, सुमारे ७१४ पौंड पडतात. वरचे २१४ पुढच्या चाकांवरून उचललेले असतात. तुमची गाडी मुळात पुढच्या चाकांनी ओढणारी आहे. वळवायचं त्यांनी, ब्रेकचा मोठा वाटा त्यांचा, आणि नेमकं त्यांच्यावरचंच वजन कमी झालं. पुढची चाकं हलकी झालेली गाडी ओल्या रस्त्यावर कशी तरंगते ते तुम्हाला ठाऊक आहे. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच लावला तर त्याच्या लोखंडी पट्ट्या ताणून त्यातलं बरंचसं वजन पुन्हा पुढे ढकलतात. पण काही कंपन्या तो लावायला सांगतात, काही मनाई करतात. तुमच्या मॅन्युअलात काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय विकत घेऊ नका. आणि तो हिच स्वतःच ऐंशीएक पौंडांचा असतो.

उत्साही : मॅन्युअल मी वाचते. पण ५,००० हा आकडा कुणा विक्रेत्याने हवेतून काढलेला नाही. पूर्वी ज्याची-त्याची मोजायची पद्धत वेगळी असायची. मग जे२८०७ नावाचं एकसारखं मानक आलं आणि २०११ च्या मॉडेलांपासून ते सगळ्यात आधी टोयोटानेच स्वीकारलं. ॲरिझोनात डेव्हिस डॅमजवळ अकरा मैलांहून लांब चढ आहे. ऐन उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, ट्रेलरसकट तो चढायचा आणि वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाऊ द्यायचा नाही. शिवाय ब्रेकची, हेलकाव्यांची, उभ्या चढावर थांबून पुन्हा सुटण्याची परीक्षा वेगळी. एवढ्यातून तावून निघालेल्या आकड्यावर मी विसंबले तर त्यात चूक काय?

साशंक : आकडा खरा आहे. तो कुणासाठी खरा आहे एवढंच बघा. त्या परीक्षेत गाडीत दोन माणसं धरतात, चालक आणि शेजारी एक, प्रत्येकी १५० पौंडांची. तुम्ही सहाजण आहात. आता गाडीचं दार उघडा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी चिकटवलेली आहे. माणसं आणि सामान मिळून अमुक वजनापेक्षा जास्त होता कामा नये, असं तिच्यावर छापलंय. तुमच्या गाडीवरचा आकडा मी मागच्या रविवारी पाहिला : १,४५० पौंड. तुम्ही दोघं ३१० धरा. बारा वर्षांचा आणि नऊ वर्षांची मिळून १८०. आई-बाबा २९०. झाले ७८०. बॅगा, कूलर, मुलांचं सटरफटर १५०. झाले ९३०. आता हिचवरचं वजन. ते ट्रेलरचं असलं तरी ते वाहते गाडी, म्हणून तेही याच खात्यात. तुमच्याच हिशेबाने ४८०. वर हिचचे ८०. बेरीज १,४९०. पट्टीपेक्षा ४० पौंड जास्त. आणि ट्रेलर मात्र अजून ‘हजार पौंडांनी हलका’ आहे. वहिनी, ज्यांच्या सुखासाठी तुम्ही ट्रेलर घेताय, त्या दोन माणसांचं वजनच हिशेबात बसत नाहीये. हे म्हणताना मला बरं वाटत नाही, पण हे खरं आहे.

उत्साही : हा हिशेब मला ट्रेलर विकणाऱ्यानेही सांगितला नाही आणि गाडी विकणाऱ्यानेही नाही. दोघांनी ‘ओढेल’ एवढंच सांगितलं. ठीक आहे, चार हजारांचा ट्रेलर मी इथेच सोडून देते. पण तुमच्या बोलण्यात आणखी एक धागा आहे, तो मला मान्य नाही. सहा सिलिंडरची मध्यम गाडी म्हणजे ओढण्याच्या बाबतीत कच्चं लिंबू, असा एक सूर असतो. युरोपात दोन लिटर डिझेलच्या साध्या गाड्या चौघांचं कुटुंब घेऊन कॅराव्हॅन ओढत आल्प्स ओलांडतात. ते पुढून ओढणाऱ्या चाकांना घाबरत नाहीत, पिकअपही मागत नाहीत. त्यांच्याकडे हिचवरचं वजनही आपल्यापेक्षा पुष्कळ कमी ठेवतात. मग एकच गोष्ट तिथे शहाणपणाची आणि इथे वेडेपणाची कशी?

साशंक : कारण ते सावकाश जातात. जर्मनीत ट्रेलर मागे असला की ताशी ८० किलोमीटर, खास मान्यता घेतलीत तर १००. ब्रिटनच्या मोटरवेवर ६० मैल. ट्रेलरचा हेलकावा वेगाशी बांधलेला असतो. एका वेगापर्यंत प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा लहान होत विरून जातो. तो वेग ओलांडला की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होतो. हिचवर वजन जास्त असलं की ही रेषा वर सरकते, मागे जास्त असलं की खाली. अमेरिकेत पश्चिमेकडच्या इंटरस्टेटवर पाट्या असतात ७५ आणि ८० मैलांच्या. कॅलिफोर्नियाने ट्रेलर ओढणाऱ्याला ५५ ची मर्यादा घातलीय, पण त्या वेगाने खरंच जाणारे किती दिसतात? ट्रेलरचे कितीतरी टायर मुळात ६५ मैलांपर्यंतच चालवायला बनवलेले असतात आणि ओढणाऱ्यांपैकी अनेकांना याचा पत्ता नसतो. तुम्ही युरोपचं उदाहरण देताय, तर युरोपचा वेगही घ्या.

उत्साही : घेतला. मला त्यात कमीपणा वाटत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ वरून ५५ वर आलं की तो पाव हिश्श्याहून जास्त कमी होतो. मागे आठ फूट रुंद, दहा फूट उंच भिंत ओढत असताना हा फरक पायाला कळतो. एरवी गॅलनला बावीस मैल देणारी गाडी ट्रेलर मागे असला की दहा-अकरावर येते. हळू गेलं की त्यातलं थोडं परत मिळतं. आणि इंजिनाबद्दलही लोकांची समजूत चुकीची आहे. या सहा सिलिंडरचा पूर्ण जोर ४,७०० फेऱ्यांवर मिळतो. चढावर ते साडेचार हजारांवर ओरडायला लागलं की शेजारी बसलेला माणूस घाबरतो. अहो, ते त्याच्या कामाच्या जागी पोचलेलं असतं. डेन्व्हरहून आयसनहॉवर बोगद्याकडे चढताना मी उजव्या लेनमध्ये, मालट्रकांच्या मागे, ४५ च्या वेगाने गेले. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांमागे सुमारे ३ टक्के ताकद गमावतं. ११,००० फुटांवर २९५ पैकी दोनशेच्या आसपास उरतात. तेवढ्यावरही हलका ट्रेलर वर गेला. घाई मी केली नाही, गाडीलाही करायला लावली नाही.

साशंक : चढ तुम्हाला माफ करतो, कारण चढावर चूक झाली तर गाडी नुसती मंदावते. उतार माफ करत नाही. त्याच बोगद्यापलीकडे सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्क्यांचा उतार आहे आणि कडेला ब्रेक गेलेल्या मालट्रकांसाठी निसटमार्ग बांधलेत. बोरघाटात एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं. मध्यम आकाराची गाडी स्वतःला थांबवण्यापुरते ब्रेक घेऊन आलेली असते. मागच्या दोन टनांचे ब्रेक त्या दोन टनांनीच लावायचे असतात आणि त्यासाठी गाडीत ब्रेक कंट्रोलर बसवून घ्यावा लागतो. अशा कितीतरी गाड्यांत तो मुळातून येत नाही. काहींना तर चार पिनांचा प्लग असतो, म्हणजे दिवे लागतात, ब्रेक नाही.

आता माझं सांगतो. बारा वर्षांपूर्वी माझ्याकडेही अशीच सहा सिलिंडरची गाडी होती आणि ३,८०० पौंडांचा ट्रेलर. वायोमिंगमध्ये रॉलिन्सहून लॅरमीकडे निघालो होतो. तिथला वारा प्रसिद्ध आहे; हलक्या, उंच गाड्यांना रस्ता बंद करतात. त्या दिवशी रस्ता उघडा होता. मुलांच्या सायकली मी ट्रेलरच्या मागच्या बंपरवर टांगल्या होत्या, रॅकसकट दीडशे पौंड. आसाच्या बारा फूट मागे दीडशे पौंड टांगले की चौदा फूट पुढच्या हिचवरून सव्वाशेच्या वर उचलले जातात. हे गणित मी त्या प्रवासानंतर केलं. घरून निघताना ४०० पौंडांनी दाबणारी धुरा २७० वर आली होती. गाडी उलाळ झाली होती, वहिनी, आणि आजोबांचा नातू ६७ मैलांच्या वेगाने चालवत होता. एक मालट्रक डावीकडून पुढे गेला. त्याच्या हवेने आधी आम्हाला बाजूला ढकललं, मग ओढून घेतलं. आरशात ट्रेलरचा एक कोपरा दिसला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, दरवेळी जास्त. माझा पाय ब्रेककडे गेला होता. बायको ओरडली, हाताचा दाब! कंट्रोलरची खिटी दाबली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, मागून ओढ बसते आणि सगळं एका रेषेत येतं. ते तिला आठवलं, मला नाही. पायाने ब्रेक दाबला असता तर ट्रेलरने आम्हाला फिरवलं असतं. तो ट्रेलर मी त्याच हिवाळ्यात विकला.

उत्साही : हे तुम्ही इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत. पण भाऊजी, तुमच्या गोष्टीत दोष गाडीच्या आकाराचा कुठे आहे? सायकली मागे टांगणं, वारा असताना ६७ चा वेग आणि न मोजलेली धुरा, हे तीनही तुमच्या हातातले होते. हीच तीन पापं मोठ्या पिकअपमागे केली तरी ट्रेलर हलतोच. फक्त जड गाडी थोडा वेळ जास्त सोसते आणि तोवर चालकाला कळतही नाही. पिकअपबद्दलही तुम्ही एकदा मोकळेपणाने बोला. अर्ध्या टनाची म्हणवणारी, आतून चामड्याने मढवलेली पिकअप घेतली तर तिच्याही दाराच्या चौकटीवर कित्येकदा पंधराशेच्या आसपासचाच आकडा असतो. आणि ती पिकअप मी वर्षाचे वीस दिवस ट्रेलर ओढण्यासाठी घ्यायची. उरलेले तीनशे पंचेचाळीस दिवस मुलांच्या शाळेसमोर फिरवायची. इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०२३ मध्ये दाखवून दिलं की ज्यांचं बॉनेट ४० इंचांहून उंच आहे त्या गाड्यांच्या धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त असते. वायोमिंगमधला एका दिवसाचा धोका कमी करायला मी आमच्या गल्लीत वर्षभराचा धोका आणून उभा करायचा का?

साशंक : या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि तुम्ही तो विचारलात हे बरं केलंत. मी नेहमी ‘मोठी गाडी घ्या’ असं सांगून सुटत आलोय. मोठी गाडी म्हणजे धोका नाहीसा होणं नव्हे, तो दुसऱ्याच्या दारात ढकलणं, हे मी धरलंच नव्हतं. पण मग उलट बाजूही तोला. रॉलिन्सच्या रस्त्यावर माझ्या डावीकडे तो मालट्रक होता आणि मागे एक छोटी मोटार होती. तिच्यातल्या माणसांना माझ्या धुरेवर २७० पौंड आहेत की ४०० हे विचारायची सोय नव्हती. या देशात बहुतेक ठिकाणी साध्या परवान्यावर आज दुपारी ट्रेलर घेऊन संध्याकाळी हायवेवर जाता येतं. कुणी परीक्षा घेत नाही, कुणी तोलून बघत नाही. म्हणून मर्यादेपर्यंत वजन भरायचा हक्क जेव्हा कुणी मागतं, तेव्हा मला वाटतं की उरलेली जागा त्याची एकट्याची नसते. ती शेजारच्या लेनमधल्या माणसाचीही असते.

उत्साही : हे मी मान्य करते, आणि म्हणूनच मोजते. मालट्रकांच्या थांब्यावर कॅट स्केल असतो. गाडीची पुढची चाकं एका फळीवर, मागची दुसऱ्या, ट्रेलरची तिसऱ्या. कागदावर तीन आकडे छापून मिळतात. मग ट्रेलर सोडून एकटी गाडी पुन्हा तोलायची, की धुरेवर किती आहे ते आपोआप निघतं. माझं आताचं उत्तर ऐका. चार हजारांचा सोडून मी २,६०० पौंडांचा ट्रेलर बघते. आत दोघांची कायमची खाट, छोटा ओटा आणि एक टॉयलेट, बस्स. आई-बाबा आत झोपतील, आम्ही चौघं बाहेर तंबूत. १२ टक्के म्हणजे ३१२ पौंड. त्यांत तुमचे ९३० आणि साध्या हिचचे २५ मिळवले की १,२६७. पट्टीखाली १८३ पौंड उरतात. वेग ५५ ते ६०, वाऱ्याच्या दिवशी मुक्काम हलवायचा नाही, सायकली घरी. कुकर मात्र येणार.

साशंक : या हिशेबात मला चूक काढता येत नाही. पण एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवतो, कारण बहुतेकांची गाडी तिथेच घसरते. १८३ हा या मे महिन्याचा आकडा आहे. थोरला आता उंच होणार. दोघं मिळून वर्षाला पंधरा-वीस पौंड सहज वाढतील. थोरल्याची दाढी-मिशी फुटेल त्या वर्षी तीस. म्हणजे मुलं मोठी होतात तसा ट्रेलर लहान होत जायला हवा. माणसं नेमकं उलटं करतात. मुलं मोठी झाली, जागा पुरत नाही, मोठा ट्रेलर घेऊ, असं म्हणतात आणि गाडी तीच ठेवतात. दरवर्षी थोडंसं वाढतं, दरवर्षी गाडी ओढते, आणि ओढली म्हणजे ठीकच आहे असं वाटत राहतं. इंजिन कधीच तक्रार करत नाही. नाही म्हणण्याचं काम त्या पिवळ्या पट्टीचं, आणि तिला आवाज नसतो.

उत्साही : मुलांच्या उंचीच्या खुणा मी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने करते, दर गुढीपाडव्याला. आता त्या खुणेशेजारी वजनही लिहीन आणि दुसऱ्या चौकटीवरच्या आकड्याशी पडताळून पाहीन. पण भाऊजी, मलाही तुम्हाला एक विचारायचंय, आणि त्याचं उत्तर कुठल्या पट्टीवर नाही. माझी मुलं जड होत जातील त्या वर्षांत आई-बाबांचं येणं कमी होत जाईल. आता येतात ते, पुढे वर्षाआड, मग कदाचित नाहीच. हिशेबात जागा होईल, पण ती अशी होईल. आज १८३ पौंड उरताहेत आणि चौघांचे सहा झालेत. तुम्ही म्हणता उरलेली जागा शेजारच्या लेनमधल्या माणसाची. मग ती किती ठेवली की त्याचं देणं फिटलं? शंभर पौंड? तीनशे? की सगळीच, म्हणजे घरीच बसायचं?

साशंक : तीनशे असते तर मी आत्ताच हो म्हणालो असतो. शंभर असते तर नाही म्हणालो असतो. १८३ वर मी अडलोय, आणि खरं सांगायचं तर तीनशेवर माझं मन का निवतं त्याचंही कारण मला देता येत नाही. मी ट्रेलर विकला तो हिशेब चुकला म्हणून नव्हे. आरशात दिसलेला तो कोपरा मनातून जात नव्हता म्हणून. भीतीने ठेवलेली जागा आणि हिशेबाने ठेवलेली जागा यांत फरक असतो, तो मी आजवर केला नव्हता. एक करा. निघायच्या आधीच्या शनिवारी सगळ्यांना गाडीत बसवा, आई-बाबांनाही, कुकरसकट, आणि काट्यावर न्या. मी येतो. कागद हातात आला की पुन्हा बोलू.

उत्साही : या. पण कागदावर १८३ च आले तर?

साशंक : तर मी तुम्हाला थांबवणार नाही. आणि तुम्ही परत येईपर्यंत वाऱ्याचा अंदाज रोज बघत राहीन.